दोन रुपयांचा आक्षेप

तोताराम भाऊ वारके यांचा कोणावरही राग नव्हता. त्यांचा सगळ्यांवर सारखाच संशय होता.

त्यात त्यांचा दोष नाही. माणसानं उभी हयात दीपनगरच्या वीज केंद्राच्या गेटवर काढली की समोरचा माणूस हा आधी अनोळखी इसम असतो आणि पास दाखवल्यावरच माणूस होतो. एकदा त्यांचे सासरे रावेरहून लेकीसाठी शेवयांचा डबा घेऊन आले. क्वार्टर गेटच्या आत, आणि पास नाही. भाऊंनी त्यांना बाहेर निंबाखाली बसवलं आणि ड्यूटी संपल्यावर रीतसर पास काढून, स्वतःच्या सायकलवर डबलसीट घरी आणलं. "घरी तुम्ही सासरे, गेटवर तुम्ही अनोळखी इसम," हे त्यांचं वाक्य पुष्पाबाईंच्या माहेरी अजून लग्नकार्यात सांगितलं जातं. हसून सांगतात की चिडून, ते ऐकणाऱ्यानं ठरवावं. पुष्पाबाई मात्र ते ऐकताना कधी हसलेल्या नाहीत.

निवृत्तीनंतर भाऊ जळगावच्या कडेला गिरणाई कॉलनीत राहायला आले. वीस घरांची कॉलनी, तिचं एक रहिवासी मंडळ, मंडळाचा एक अध्यक्ष. घरटी दोन मतं, एक मालकाचं आणि एक मालकिणीचं. अध्यक्षाच्या हातात सत्ता म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हची चावी. मोठमोठ्या राज्यकर्त्यांच्या हातात याहून जास्त काही असतं असं समजायचं कारण नाही.

पहिले अध्यक्ष अर्थातच तोताराम भाऊ. त्यांच्या कारकिर्दीत पाणी पहाटे चारला सुटायचं. का, तर चारला उठतो तो खरा गरजू, नंतर उठतो तो हौशी. सगळी कॉलनी डोळे चोळत हंडे भरायची. भाऊ मात्र टाकीपाशी हातात टॉर्च घेऊन, कोण पाणी भरतंय आणि कोण नुसतंच उभं आहे, ते बघत हिंडायचे. भाऊ बाहेर हिंडत, तेव्हा वारक्यांच्या घरातलं पाणी कोण भरत असे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. त्यामुळे तो इथंच सोडून देऊ.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्याविरुद्ध भूपेंद्र नारखेडे उभा राहिला. ठिबकच्या नळ्या विकणारा, हसऱ्या तोंडाचा, चाळिशीचा माणूस. त्याचं वचन एका ओळीचं होतं : पाणी सकाळी सहाला. निकाल लागला. भूपेंद्रला वीस मतं, भाऊंना एकोणीस. चाळिसावं मत निवडणूक अधिकाऱ्याचं, आणि अधिकाऱ्यानं मत टाकायचं नाही असा मंडळाचा रिवाज.

भाऊंनी त्या दिवशी बोटं मोजली आणि पुढची पाच वर्षं ते बोटं मोजतच राहिले. पक्की वीस मतं होती. प्रत्येकानं तोंडावर सांगितलं होतं, 'भाऊ, तुम्हालाच.' मग विसावं गेलं कुठं?

"मतदानाच्या दिवशी भूपेंद्रचा चुलतभाऊ चाळीसगावहून आला होता," ते जेवताना म्हणत. "डोक्यात टोपी. आला कशाला?"

"पूजा होती त्यांच्याकडे. आपणही गेलो होतो प्रसादाला," पुष्पाबाई म्हणत.

"तेच तर! पूजा मुद्दाम त्याच दिवशी ठेवली."

संशयी माणसाला उत्तर दिलं की त्याचा पुरावा होतो. हे पुष्पाबाईंना लग्नाच्या पहिल्या वर्षीच समजलं होतं. त्या "असेल बाई," म्हणत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची आणखी अर्धी भाकरी ताटात टाकत.

यंदा पुन्हा निवडणूक आली. भाऊंनी सभेत उभं राहून ठराव मांडला : मतदारानं फोटो असलेलं ओळखपत्र दाखवल्याशिवाय त्याला मत टाकू देऊ नये.

वीस घरांची कॉलनी. कोणाच्या घरी आज भरीत आहे हे वांगी भाजल्याच्या वासावरून आणि ती कोणी भाजली हे करपल्याच्या वासावरून ओळखणारी माणसं. कोपऱ्यातून भिकन बोलला. भिकन हा व्हॉल्व्ह सोडणारा माणूस, धुळ्याकडचा. त्याला मत नव्हतं, म्हणून तो मोकळेपणानं बोलायचा.

"आबा, बठ्ठा वळखीना शेतस. कोन कोनले फसाडी?"

"ओळखीचाच फसवतो, भिकन," भाऊ म्हणाले. "अनोळखी माणसाला आपल्यासाठी सवड कुठं असते?"

सुकदेव अण्णा झोपे हे भाऊंचे शेजारी आणि विनामूल्य सल्लागार. ते म्हणाले, "मोठ्या निवडणुकीला कार्ड मागतात ते ठीक. तिथं हजार माणूस असतं. इथं माझं कार्ड तू बघणार? काल तर तू माझ्याकडून दाढीचं पातं नेलं."

"पातं नेलं ते अण्णांकडून. मत टाकायला येईल तो अण्णाच असेल कशावरून?"

यावर अण्णा स्वतःच्या मनगटाकडे बघत बसले. माणसाला एकदा असं विचारलं की त्यालाही थोडी शंका येतेच.

भाऊंना खरी अपेक्षा होती ती भूपेंद्रच्या विरोधाची. भूपेंद्र उठला आणि हसून म्हणाला, "भाऊ म्हणतात ते बरोबर आहे. आमची काही हरकत नाही."

भाऊंना ते खटकलं. ज्याला चोरी करायची असते तो कुलपाला विरोध करत नाही, त्याच्याकडे दुसरी किल्ली असते. त्या रात्री त्यांनी नियम आणखी कडक केले. ओळखपत्र निवडणूक अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातात घ्यावं, फोटो आणि चेहरा स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा, हे काम दुसऱ्या कोणावर सोपवू नये. आणि शेवटचा नियम त्यांच्या विशेष आवडीचा. एका मोठ्या निवडणुकीत ते एका उमेदवाराचे पोलिंग एजंट म्हणून बसले होते. तिथं त्यांना कळलं की मतदाराच्या ओळखीबद्दल शंका असली तर दोन रुपये अनामत ठेवून आक्षेप घेता येतो. आक्षेप खोटा ठरला तर दोन रुपये जप्त. समोरचा माणूस तो स्वतःच आहे की नाही अशी शंका दोन रुपयांत घेता येते, यापेक्षा स्वस्त सोय लोकशाहीत दुसरी नाही. भाऊंनी तो नियम जसाच्या तसा उचलला आणि दोनच्या नाण्यांची एक पुरचुंडी बांधून ठेवली.

नियमांना सरकारी शिक्का असावा म्हणून ते एका कार्यालयात गेले. तीन टेबलं फिरून चौथ्यावर पोचले. तिथल्या क्लार्कनं कागद वाचला नाही, पण परत दिला.

"खासगी मंडळ आहे ना? आमचा काय संबंध?"

"बरं. पण माझं ओळखपत्र तरी बघा," भाऊंनी कार्ड पुढं केलं.

"कशाला?"

"मी दुसराच कोणी असलो तर?"

क्लार्कनं पहिल्यांदा मान वर केली. "मग तर अजिबातच संबंध नाही."

भाऊ घरी आले ते दुखावूनच. शिक्का मिळाला नाही याचं दुःख नव्हतं. एवढ्या मोठ्या इमारतीत ते दिवसभर हिंडले आणि एकानंही त्यांना 'तुम्ही कोण' असं विचारलं नाही. हा देश चालतो तरी कसा!

इकडे कॉलनीत भलतंच सुरू झालं होतं. कपाटांतून कार्डं निघाली आणि लोकांनी स्वतःचे फोटो बऱ्याच वर्षांनी नीट पाहिले. सरकारी फोटोत माणूस आणि गुन्हेगार यांत फारसा फरक राहत नाही हे सर्वांना माहीत होतं. पण आता त्या फोटोसारखं दिसायची सक्ती होती. मोहिनीताईंचं घरातच ब्यूटी पार्लर होतं. त्यांच्याकडे रांग लागली. सगळ्या बायकांची मागणी एकच : फोटोत आहे तसं करून द्या. "आजवर बायका यायच्या कार्डावरच्यासारखं दिसू नये म्हणून," मोहिनीताई म्हणाल्या, "आता मी तुम्हाला परत तशी कशी करू?" सुकदेव अण्णांच्या फोटोत मिशी होती आणि तोंडावर नव्हती. त्यांनी ती वाढवायला घेतली. पण साठीनंतर मिशी म्हणावी तशी ऐकत नाही.

मग दुसरा घोटाळा. कार्डावर फोटो असतो तशी जन्मतारीखही असते, हे भाऊंच्या ध्यानात आलं नव्हतं. कमलबाईंनी रांगेत मोहिनीताईंचं कार्ड सहज पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना 'ताई' म्हणायच्या ऐवजी 'अक्का' म्हणून हाक मारली. दोघींचं बोलणं बंद झालं. बायकांनी एकमेकींकडे साखर मागायला जाणं सोडलं, कारण दार उघडणारी आधी भोकातून बघायची. ज्या कॉलनीत दुपारी दारं सताड उघडी असायची, तिथं कड्या वाजू लागल्या. भाऊंना त्यात प्रगती दिसत होती.

"बघ," ते पुष्पाबाईंना म्हणाले, "लोक जागरूक झाले."

"पाण्याचं काय ठरलं तुमचं?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"निवडून आलो की परत चारला. गजर मी लावूनच ठेवलाय. शिस्त म्हणजे शिस्त."

"सहाला आलं तर काय बिघडतं म्हणते मी?"

"तुला नाही कळायचं ते."

"असेल बाई," पुष्पाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी भाकरी मात्र टाकली नाही. भाऊंनी याकडे लक्ष द्यायला हवं होतं. पण ज्याचं लक्ष चाळीसगावकडे लागलंय, त्याला ताटातलं कुठून दिसणार?

निवडणूक अधिकारी गेल्या वेळेप्रमाणेच निर्मलकुमार छाजेड. धान्याचे व्यापारी, सत्तरीचे, बोलणं कमी आणि माप पुरं. दोन्ही उमेदवारांचा ज्याच्यावर विश्वास आहे असा कॉलनीत हा एकच माणूस. म्हणजे भूपेंद्रचा पूर्ण विश्वास होता आणि भाऊंचा संशय त्यातल्या त्यात कमी होता. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ शेजारशेजारच्या दोन घरांत राहत. घरं दोन, पण चूल एक. धाकट्या भावाची बायको झमकूबाई, घरातली 'बिनणी'. लग्न होऊन राजस्थानातून आली तेव्हापासून जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, घुंगट. जेठ घरात शिरताना उंबऱ्यावर थांबून खाकरणार, आतून बांगड्या वाजणार, पदर छातीपर्यंत खाली येणार, मग जेठ आत. बाहेर बाजारात याच झमकूबाई तोंड उघडं टाकून भाजीवाल्याशी अशा भांडत की भाजीवाला कोथिंबीर फुकट देऊन सुटका करून घेई. हे कॉलनीला इतकं सवयीचं होतं की कोणाला ते दिसतच नव्हतं. जे रोज दिसतं ते दिसत नाही. म्हणूनच चेहरे ताडून पाहायला नेमकं कोणाला बसवलं आहे, हे ना भाऊंच्या लक्षात आलं, ना भूपेंद्रच्या, ना खुद्द निर्मलकुमारांच्या.

रविवारी सकाळी दत्तमंदिराच्या सभामंडपात मतदान सुरू झालं. निर्मलकुमार पदाला शोभेल असे पुतण्याच्या लग्नातले काळे बूट घालून टेबलामागे बसले. एका बाजूला भूपेंद्र, दुसऱ्या बाजूला पुरचुंडी घेऊन भाऊ. बाजूच्या सतरंजीवर मत टाकून झालेल्या बायका निकालासाठी बसत होत्या.

सुकदेव अण्णा आले. मिशी छान दिसत होती. भाऊंनी दोन रुपये टेबलावर ठेवले.

"आक्षेप!"

"अरे तोताराम, मी तुझा मतदार!" अण्णा कळवळले.

"असाल. पण मिशी बघू."

निर्मलकुमारांनी अण्णांच्या ओठावरून रुमाल फिरवला. अर्धी मिशी रुमालावर आली. नातीची काजळडबी अण्णांनी सकाळी रिकामी केली होती. मंडप हसला. निर्मलकुमारांनी कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला, रुमाल पाहिला आणि निर्णय दिला, "माणूस खरा. मिशी बोगस. मत माणसाचं आहे." दोन रुपये जप्त झाले.

पुष्पाबाई आल्या. भाऊंनी त्यांच्याकडेही हात केला. "कार्ड."

"मी?"

"घरी तू पुष्पा. इथं तू मतदार."

पुष्पाबाईंनी पिशवीतून कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं आणि भाऊंकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत एक निंबाचं झाड होतं आणि त्याखाली शेवयांचा डबा घेऊन बसलेला एक म्हातारा होता. भाऊंनी ते पाहिलं नाही, ते फोटो पाहत होते. पुष्पाबाई पडद्यामागे गेल्या, चिठ्ठी टाकली आणि सतरंजीवर जाऊन बसल्या.

मग झमकूबाई आल्या. पदर छातीपर्यंत. पैंजणं वाजली तसे निर्मलकुमार सवयीनं खुर्चीतून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. झमकूबाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. निर्मलकुमारांनी तिकडे न बघता हात मागं नेला आणि खिशातला रुमाल, अण्णांच्या मिशीसकट, कार्डावर टाकला. फोटो झाला तरी चेहरा तो चेहराच.

आता मात्र मंडपातल्या सगळ्यांना एकदम दिसलं.

"अधिकाऱ्यानं चेहरा ताडून पाहायचा ना?" कोणीतरी म्हणालं.

"दुसरं कोणी बघू द्या. मोहिनीताई बघतील," कोणीतरी सुचवलं.

भूपेंद्र हसला. झमकूबाई भाऊंच्या बाजूच्या, हे त्याला माहीत होतं. "आमचं काही नाही. पण दुसऱ्यावर सोपवायचं नाही, असं नियमात आहे. भाऊंनीच लिहिलंय."

भाऊंच्या मनात युद्ध पेटलं. झमकूबाई त्यांच्या विसातलं एक बोट. पण त्याच क्षणी दुसरा विचार आला : गेल्या वेळी या पदराआड कोण होतं? चाळीसगावचा चुलतभाऊही बुटकाच होता. पैंजणं काय, बाजारात मिळतात! स्वार्थ म्हणाला, गप्प बस. संशय म्हणाला, पाच वर्षं याचसाठी थांबलास. भाऊंच्या चारित्र्याबद्दल एवढं म्हणावंच लागेल की त्यांनी स्वार्थाला हरवलं. त्यांनी पुरचुंडी सोडली आणि दोन रुपये ठेवले.

"आक्षेप. पदराआड झमकूबाईच आहेत कशावरून?"

सतरंजीवर बायकांचा गलका उठला. पदर हलला. आतून आवाज आला, पण निर्मलकुमारांसाठी नव्हे. जेठाशी थेट बोलत नाहीत.

"पुष्पाभाभी, जरा इकडे या. तुमच्या ह्यांना सांगा, घरात मी जेठजींना रोज वाढते. जेठजींना विचारा, कालची दाल कोणी केली?"

पुष्पाबाई येऊन मधे उभ्या राहिल्या. "निर्मलभाऊ, त्या विचारतात, कालची दाल कोणी केली?"

"ऐकलं मी," निर्मलकुमार भिंतीला म्हणाले. "बिनणीला सांगा, दाल तिनंच केली. मीठ जास्त होतं. पण दालीवरून ओळख पटवायची तरतूद नियमात नाही."

"मीठ जास्त?" पदर ताठ झाला. "भाभी, त्यांना सांगा, मीठ जास्त होतं तर दोनदा कशी घेतली?"

"त्या म्हणतात, दोनदा कशी घेतली?"

"अन्न टाकू नये म्हणून."

मंडपात खुसखूस सुरू झाली. भाऊंनी टेबलावर टकटक केली. "दालीचा विषय सोडा. चेहरा आणि फोटो!"

झमकूबाईंनी पदराच्या टोकाची गाठ सोडली, त्यातून दोनचं एक नाणं काढलं आणि टेबलावर असं आपटलं की भाऊंची पुरचुंडी दचकली.

"माझा पण आक्षेप. भाभी, सांगा सगळ्यांना. टेबलामागे उभे आहेत ते माझे जेठजीच आहेत कशावरून?"

निर्मलकुमार भिंतीपाशीच चमकले. "म्हणजे?"

"म्हणजे?" पुष्पाबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता नुसता निरोप नव्हता, रस होता.

"अडतीस वर्षं झाली. मी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही. पदराखालून फक्त पाय दिसतात. मी जेठजींना ओळखते ते त्यांच्या मोजडीवरून. डाव्या मोजडीला अंगठ्यापाशी ठिगळ आहे. आज बघते तर काळे बूट. हे कोण गृहस्थ मला माहीत नाहीत. अनोळखी माणसाच्या हातात मी माझं कार्ड का देऊ?"

भूपेंद्रचं हसू पहिल्यांदा मावळलं. भाऊ उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. अधिकाऱ्याच्याच ओळखीवर आक्षेप! हा मुद्दा आपल्याला सुचला नाही, याची त्यांना लाज वाटली. आता आणखी एक भीती : अधिकारी बोगस ठरला तर सकाळपासूनचं सगळंच मतदान बोगस.

निर्मलकुमारांनी खिशातून स्वतःचं कार्ड काढून मागच्या मागं पुढं केलं. "पुष्पाबाई, बिनणीला दाखवा."

"फोटो बघून काय करू?" पदर म्हणाला. "ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याचा फोटो त्याच्यासारखा आहे की नाही, कसं कळणार?"

"बूट काढा, निर्मलभाऊ," सुकदेव अण्णा अर्ध्या मिशीनं म्हणाले. "पाय तरी ओळखू द्या."

निर्मलकुमारांनी बूट काढले. आत मोजे. मोजे काढले. पदर थोडा खाली झुकला. "पाय सगळ्यांचे सारखेच असतात," आतून निकाल आला.

पेच पडला. सभामंडपात अशी परिस्थिती होती की मतदार अधिकाऱ्याला ओळखत नव्हती, अधिकारी मतदाराला बघू शकत नव्हता, आणि दोघांनी आजच सकाळी एकाच तव्यावरचे फुलके खाल्ले होते. भिकन खांबाला टेकून हे सगळं ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "आते दत्तमहाराजलेच बलावा वळख पटाडाले."

शेवटी मार्ग झमकूबाईंनीच काढला. "जेठजी घरात येताना खाकरतात. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. यांना म्हणावं, खाकरून दाखवा."

"निर्मलभाऊ," पुष्पाबाई गंभीरपणे म्हणाल्या, "खाकरा."

सत्तर वर्षांच्या आयुष्यात निर्मलकुमारांना कोणी हे काम सांगितलं नव्हतं. चाळीसेक माणसं कान टवकारून बसलेली. घसा कोरडा पडला. त्यांनी खाकरायचा प्रयत्न केला. पिल्लू ओरडल्यासारखा आवाज निघाला.

"हे नाहीत," पदर म्हणाला.

मंडप खो खो हसला. भाऊंनी मात्र वहीत टिपण केलं : अधिकारी संशयास्पद. भिकननं तांब्याभर पाणी आणून दिलं. निर्मलकुमार पाणी प्यायले, भिंतीच्या आणखी जवळ गेले, डोळे मिटले. समोर बहुधा घराचा उंबरा आणला. आणि मग आला तो खाकरा : दोन आखूड, एक लांब, शेवटी "अरिहंत, अरिहंत".

बांगड्या खळकन वाजल्या. झमकूबाईंचा हात आपसूक वर गेला आणि छातीपर्यंतचा पदर आणखी वीतभर खाली आला. त्यांनी ठरवून केलं नव्हतं. अडतीस वर्षांच्या हातानं केलं होतं.

"हेच," झमकूबाई म्हणाल्या.

"हीच," निर्मलकुमार भिंतीला म्हणाले. "खाकरल्यावर अशा बांगड्या आमच्याच घरात वाजतात. ओळख पटली. दोन्हीकडून."

टाळ्या पडल्या. सुकदेव अण्णांनी तर शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला. निर्णय असा झाला की दोन्ही आक्षेप फेटाळले, दोघांची अनामत जप्त. झमकूबाईंनी दोन रुपये आनंदानं गमावले, ताठ मानेनं चिठ्ठी टाकली आणि जाताना भाऊंसमोर थांबून पदराआडून म्हणाल्या, "भाऊ, मत तुम्हालाच दिलं. दिलेला शब्द मी फिरवत नाही." तेवढ्यासाठी पुष्पाबाईंची मध्यस्थी लागली नाही.

संध्याकाळी मोजणी झाली. निर्मलकुमारांनी अनवाणी उभं राहून निकाल वाचला. भूपेंद्रला वीस, तोताराम भाऊंना एकोणीस.

भाऊंनी फेरमोजणी मागितली. वीस आणि एकोणीस.

"चाळीसगावचा चुलतभाऊ कुठं आहे?" ते गरजले.

भूपेंद्रनं मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. चुलतभाऊ चाळीसगावात आपल्या दुकानात, टोपी घालून, गिऱ्हाईकाला नळ मोजून देत होता. "नमस्कार भाऊ! निवडून आलात का?" त्यानं भोळेपणानं विचारलं. भाऊंनी फोन परत दिला.

मंडप रिकामा झाला. पुष्पाबाई आधीच गेल्या होत्या, दूध तापवायचं म्हणून. भाऊ एकटेच घराकडे निघाले. प्रत्येक मतदाराची ओळख त्यांच्या डोळ्यांदेखत पटली होती. एकही बोगस नव्हता. चालता चालता बोटं मोजू लागले. सुकदेव अण्णा : काजळासाठी रागावलेले, पण अण्णा तोंडावर बोलणारे, फिरले असते तर सांगून फिरले असते. झमकूबाई : शब्दाच्या पक्क्या. मोहिनीताई, कमलबाई : एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण भूपेंद्रशीही नव्हत्या. एकेक बोट मिटत गेलं. अंगणात पोचेपर्यंत एकोणीस बोटं मिटली होती. विसाव्या बोटावर आतापर्यंत कधी थांबावंच लागलं नव्हतं. ते मोजायचं नसतं, ते घरचंच असतं.

दार बंद होतं. भाऊंनी कडी वाजवली.

"कोण?" आतून पुष्पाबाई.

"मी."

"मी कोण?"

"अगं, मी तोताराम!"

"तोताराम वारके? कशावरून?"

भाऊंनी खिसा चाचपला. कार्ड मंदिरातल्या टेबलावरच राहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते ओळखपत्राशिवाय बाहेर होते. दाराबाहेर, तिन्हीसांजेला, अनोळखी इसम. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. मग ते घसा साफ करून, हळूच, खाकरले.

दार उघडलं.

पुष्पाबाईंनी चहा ठेवला. दोघं समोरासमोर बसले. भाऊंनी एक घोट घेतला, बशी खाली ठेवली. त्यांना विचारायचं होतं. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पुरचुंडीतलं उरलेलं शेवटचं नाणं काढलं आणि, नजर न उचलता, पुष्पाबाईंच्या बशीशेजारी ठेवलं.

पुष्पाबाईंनी नाण्याकडे पाहिलं. भाऊंकडे पाहिलं. मग शांतपणे नाणं उचललं, पदराच्या टोकाला बांधलं आणि गाठ दातांनी घट्ट ओढली.

"जप्त," त्या म्हणाल्या. "आणि तो चारचा गजर काढून ठेवा. उद्याही पाणी सहालाच आहे."

मग त्यांनी ताटात कळण्याची भाकरी वाढली. पूर्ण.